चावडीपुढचे चाळीस मीटर

सरकारी जीप दाराशी थांबली तेव्हा नानाजी उरकुडे अंगणात तुराट्यांच्या पेंढ्या बांधत होते. छत्तीस वर्षं त्यांनी बांधकाम खात्यात रस्त्यावर काढली. आधी मैलकुली म्हणजे रस्ता राखणारा मजूर म्हणून, शेवटची अकरा वर्षं मुकादम म्हणून. कामावर जायचं ते सायकलनं, नाहीतर खडीच्या ट्रकमध्ये बसून. त्यांना न्यायला जीप कधी आली नव्हती. रिटायर होऊन चार वर्षं उलटल्यावर ती आली. नानाजींनी हातातली पेंढी पुरती बांधली आणि मगच मान वर केली.

ड्रायव्हर देवसिंग जुन्या ओळखीचा. तो खाली उतरला नाही, खिडकीतूनच बोलला.

"मुकादम, चला. हत्यारं घेऊन. यज्ञेश्वर साहेबांनं बलावलं."

"मले? कायले?"

"बोरीदरा पोडाच्या रस्त्यावर खड्डा घ्याचा आहे. आमदारांची कमिटी येऊन राह्यली. अकरा वाजता."

कोकिळाबाई हात पुसत दारात आल्या. "तुमच्या एवढ्या मोठ्या खात्यात सब्बल धरणारा कोणी उरला नाही काय, देवसिंगभाऊ?"

"कुठून उरते काकू. जुने मैलकुली घरी बसले, नवे भरलेच नाही. आता सारं जेसीबीवर. पण जेसीबीनं खड्डा घेतला का थर कालवून जाते. कमिटीले थर पाहाचे आहे."

"अन् यायच्या गुडघ्याचं?"

"दोन फुटांचा खड्डा आहे काकू. विहीर नाही खणाची."

"यायले दोन फूट सांगा का वीस, हे सारखंच मरमर करते," कोकिळाबाई म्हणाल्या आणि आत जाऊन भाकर बांधून घेऊन आल्या.

नानाजींनी गोठ्यातून सब्बल म्हणजे लोखंडी पहार काढली, टिकास, पावडं आणि दोन घमेली काढली. सब्बलीचं टोक अंगठ्यानं चाचपलं. धार होती.

रस्त्याचा खड्डा घेणं म्हणजे खोदणं नव्हे. खोदणं कोणालाही येतं. तपासणीच्या खड्ड्याच्या चारही बाजू पाटीसारख्या सरळ उतराव्या लागतात. वरचा मुरूम एका ढिगात, खडी दुसऱ्या ढिगात, खालचा दगड तिसऱ्या. कड ढासळली तर वरचा माल खाली पडतो आणि तीन इंचांचा थर पाच इंचांचा दिसतो. नानाजींनी पुष्कळ जणांना शिकवलं. दोघांना जमलं. ते दोघंही आता या जगात नाहीत.

बाकीची हकिकत देवसिंगनं वाटेत सांगितली.

फाट्यापासून बोरीदऱ्याच्या कोलाम पोडापर्यंत, म्हणजे कोलामांच्या वस्तीपर्यंत, पावणेतीन किलोमीटरचा रस्ता. पाच वर्षांपूर्वी झाला आणि दोन पावसाळ्यांत गेला. आता पावसाळ्याचे चार महिने राशनची गाडी फाट्यावरच थांबते आणि पोडातली बत्तीस घरं धान्य डोक्यावर आणतात. पोडातल्या फकिरा टेकामनं घरोघर फिरून सह्या-अंगठे गोळा केले आणि तक्रार दिली. ती फिरत फिरत एका आमदाराच्या हातात पडली आणि नागपूरच्या अधिवेशनात तिचा तारांकित प्रश्न झाला. रस्त्याचे काम निकृष्ट झाले, हे खरे आहे काय? सरकारनं लेखी उत्तर दिलं, हे खरे नाही. त्यावर सभागृहात उपप्रश्नांवर उपप्रश्न आले, दोन्हीकडचे सदस्य उभे राहिले, तेव्हा मंत्र्यांना म्हणावं लागलं की रस्ता खोदून पाहू. सभागृहात दिलेली आश्वासनं पुढे पाळली गेली का, हे बघायला आमदारांचीच एक समिती असते. ती आज येत होती.

"फकिराचं काही खरं नाही," देवसिंग म्हणाला. "साहेब म्हणते, खड्डा बरोबर निघाला तर खोटी तक्रार केली म्हणून त्याच्यावरच केस टाकतो."

"अन् नाही निघाला तर?"

"तर साहेबाचंच. रस्ता झाला तवा इथचे ज्युनिअर इंजिनेर थेच होते. पण साहेब दोन दिवसांपासून लय शांत आहे. मले थेच समजून नाही राह्यलं."

त्या रस्त्यावर मुकादम कोण होता, हे देवसिंगला चांगलं माहीत होतं. त्यानं ते काढलं नाही. नानाजीही खिडकीबाहेर बघत राहिले.

फाट्यावरून जीप आत वळली. रस्त्यावर ताज्या मुरमाचा लाल हात मारलेला होता. वरून रोलर फिरवला होता. चाकांना खड्डा लागत नव्हता.

"हे कवा टाकलं?"

"परवा."

नानाजींनी खिडकीतून खाली पाहिलं. तीन इंच मुरूम, पाणी न मारता दाबलेला. बोटानं उकरला तर निघेल.

पोडाच्या तोंडाशी कडुनिंब, त्याच्या पलीकडे कोलामांची चावडी. चावडीपुढे कापडी मांडव टाकला होता. खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, टेबलावर फुलांचे गुच्छ. आणि मांडवाच्या पुढ्यात, रस्त्याच्या कडेला, निंबाच्या सावलीत चुन्यानं आखलेला दोन बाय दोनचा चौकोन.

तो चौकोन पाहिला आणि नानाजींना जीप का आली ते कळलं.

रस्त्याचं काम ठेकेदाराचं होतं. खात्यातर्फे देखरेखीला नानाजी आणि त्यांची सहा माणसं. पावसाळा तोंडावर आला तशी ठेकेदारानं पोडाच्या अलीकडे चाळीस मीटरवर काम अर्धवट टाकलं आणि मशीन दुसरीकडे नेलं. उरलेलं तुम्ही ओढा, असा निरोप आला. ते चाळीस मीटर नानाजींच्या गँगनं हातानं केले. नऊ दिवस. खाली सहा इंची सोलिंग, एकेक दगड उभा बसवून, फटीत चिपा ठोकून. त्यावर खडीचे दोन थर, दबून तीन-तीन इंच. पाणी विहिरीतून डोक्यावर. नऊही दिवस पोडातल्या बायांनी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी आणून दिली, मागितली नसताना. जेवू घालणाऱ्याच्या दारातलं काम कच्चं ठेवायचं नाही, ही गँगची जुनी रीत. नानाजींच्या आधीच्या मुकादमानंही ती पाळली होती.

त्यामागचा बाकीचा सारा रस्ता कसा झाला, तेही नानाजींनी पाहिलं होतं. काळ्या मातीवर नुसती खडी फेकून वर मुरूम ओढला. सोलिंग नाहीच. नानाजींनी यज्ञेश्वर साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, तुमचे आठ महिने राहिलेत, रजिस्टरवर सही करा आणि शांतपणे घरी जा. थराच्या रजिस्टरवर नानाजींनी सही केली. एकदा नाही, प्रत्येक थराची.

आणि आठ महिन्यांनी, निरोपाच्या कार्यक्रमात, गळ्यात शाल, हातात नारळ, दोन शब्द बोला म्हणून आग्रह झाला तेव्हा त्यांना एकच गोष्ट सुचली. "बोरीदऱ्याच्या चावडीपुढचे चाळीस मीटर," ते म्हणाले होते. "कुठंही सब्बल मारा. बारा इंच निघन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या खुर्चीवर बसून यज्ञेश्वर साहेबांनीही वाजवल्या.

माणूस एकदाच फुशारकी मारतो आणि ती ऐकणाऱ्याच्या बरोबर लक्षात राहते.

"या नानाजी, या." यज्ञेश्वर साहेब स्वतः पुढे आले. यवतमाळचं तीन पिढ्यांचं नोकरदार घर, आवाज कधी चढत नसे. "तब्येत काय म्हणते? अरे, नानाजींना खुर्ची द्या."

"खुर्ची राहू द्या साहेब. खड्डा इथंच?"

"इथंच. तुमचाच तुकडा आहे. आठवतो ना?"

"आठवते. बाकीच्या रस्त्याचं काय?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नानाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "बाकीच्या रस्त्यावर तुमचीच सही आहे, नानाजी. ते रजिस्टर मी जपून ठेवलंय. तुम्हाला म्हातारपणी त्रास व्हावा, असं मला वाटत नाही. तुम्ही आपल्या हातचं चांगलं काम दाखवा. झालं."

हात हलका होता, पण नानाजींना तो सिमेंटच्या पोत्याएवढा लागला.

फकिरा चावडीच्या पायरीवर बसला होता. नानाजींना पाहून उठला, जवळ आला. रोड माणूस, खांद्यावर लाल दुपट्टा.

"मुकादम, तुमी? इथं काहून खोदून राह्यले? हे तं तुमीच केलतं."

"जागा साहेबाची आहे."

"मी सांगतलं त्यायले, तिकडे खोदा. साहेब म्हणते, कमिटीले ऊन लागते, सावली पाह्यजे." फकिरानं चुन्याच्या चौकोनाकडे पाहिलं. "माह्या मायनं तुमाले भाकरी देल्त्या. आता त्याच भाकरीचा खड्डा माह्या अंगावर येते का?"

नानाजी जीपमधली हत्यारं काढायला वळले.

सव्वाअकराला सात गाड्या आल्या. पाच आमदार, दोन अधिकारी, एक प्रतिवेदक, म्हणजे बोललेला शब्द न् शब्द लिहून घेणारा माणूस, आणि पुढेमागे पोलीस. समितीप्रमुख सुनीतीताई पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या. त्यांनी गुच्छ घेतला आणि न बघता मागे दिला.

"तक्रारदार कोण?"

फकिरा पुढे झाला. हात जोडले. "ताई, इथं नोका खोदू. तिकडे, मागं खोदा."

"का?"

"इथं चांगला आहे."

एक आमदार हसले. "आता आली का पंचाईत? प्रश्न म्हणतो रस्ता वाईट, तक्रारदार म्हणतो चांगला."

"ताई, आम्ही तक्रारदाराच्याच दारात खोदतोय," यज्ञेश्वर साहेब शांतपणे म्हणाले. "याहून सरळ काय असणार?"

सुनीतीताईंनी घड्याळ पाहिलं. "मला तीन वाजता यवतमाळला बैठक आहे. करा सुरू."

फकिरा मागे सरकला. त्याच्या मागे पोडातल्या बाया उभ्या होत्या.

नानाजींनी धोतर खोचलं. टोपी काढून निंबाच्या बुंध्याशी ठेवली. पावड्यानं वरचा मुरूम खरवडून एका बाजूला केला. मग सब्बल.

पहिल्या ठोक्याला सब्बल उडाली. हातातून मनगटात, मनगटातून खांद्यात झिणझिणी गेली. खडी दगडासारखी बसली होती. नानाजी ठोके मनात मोजायचे. ही मुकादमाची सवय. किती ठोक्यांना किती माल निघतो, त्यावर माणसाचा दिवस ठरतो. वीस ठोके. चाळीस. खडी ओंजळभर निघायची. घाम भुवईवरून डोळ्यांत उतरला. पुसायला थांबले नाहीत. थांबलं की हात जड होतो.

शंभराव्या ठोक्याला खडी संपली आणि सोलिंगचा दगड लागला. उभा बसवलेला, चिपांनी जाम. दगड बाहेर काढायला आधी चिपा काढाव्या लागतात, एकेक, सब्बलीच्या टोकानं. ही चीप कोणी ठोकली होती, तेही त्यांना आठवत होतं. गुडघा जमिनीवर टेकला तेव्हा कळ मस्तकात गेली.

आपल्याच हातानं बसवलेला दगड आपल्याच हातानं उपटायचा आणि तो इतका चांगला बसलेला असावा की दुसऱ्याचं वाटोळं व्हावं. चांगल्या कामाचा असा राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता.

दोनशे बाराव्या ठोक्याला तळ लागला. पाऊण तास झाला होता. चारही कडा ओळंब्यात. नानाजी बाहेर आले.

सुनीतीताईंनी टेप स्वतः धरली. वाकून वाचलं. "सव्वाबारा इंच." पुन्हा मोजलं. मग नानाजींकडे बघितलं. "काम चांगलं आहे. आणि तुमचा खड्डाही."

छत्तीस वर्षांत एकाही वरिष्ठानं त्यांच्या कामाला चांगलं म्हटलं नव्हतं. आज म्हटलं. नानाजींनी मान खाली घातली.

प्रतिवेदकाची पेन्सिल चालली. मघाचे आमदार म्हणाले, "म्हणजे सभागृहातलं उत्तर बरोबरच होतं म्हणा की."

"चहा घ्या ताई," यज्ञेश्वर साहेब म्हणाले. "दहा मिनिटांत निघू."

मंडळी मांडवात बसली. फकिरा पायरीवर होता. त्याच्या मायनं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. कोणी त्याला चहा दिला नाही.

नानाजी पाणी प्यायले. मांडवात जाऊन बोलावं, हे त्यांच्या मनात आलं. पण बोलण्यात साहेबांशी कोण पुरं पडणार? साहेबांकडे रजिस्टर होतं, शब्द होते, शांत आवाज होता. आणि आता सव्वाबारा इंचांचा खड्डाही होता. नानाजींना बोलून काही पटवायची सवय नव्हती. त्यांनी आयुष्यभर जे पटवलं, ते खोदून.

सही मात्र होती. ती कुठं जाणार नव्हती. खोदलं तर आधी ती निघणार होती, मग खडी.

त्यांनी टोपी घातली. सब्बल खांद्यावर टाकली, पावडं आणि घमेलं हातात घेतलं आणि ते रस्त्यानं फाट्याकडे चालू लागले.

"नानाजी, खड्डा बुजवायचा आहे ना," मागून साहेबांचा आवाज आला.

"येतो साहेब."

चाळीस मीटर संपले. त्यानंतर अडीचशे पावलं ते चालले, वळणाच्या पुढे, जिथे दोन्ही बाजूंना खोल नाली होती आणि गाडीला बाजू काढायला जागा नव्हती. तिथे रस्त्याच्या मधोमध थांबले. आधीच खोदून ठेवण्यात अर्थ नव्हता. आधी खोदलेला खड्डा कोणी मानत नाही, म्हणतात तूच उकरलास. खड्डा डोळ्यांदेखत झाला पाहिजे. म्हणजे गाड्या थांबल्या पाहिजेत.

मागून पावलं वाजली. फकिरा.

"मुकादम, काय करून राह्यले?"

"तुहा दुपट्टा दे."

"कायले?"

"दे म्हणतो ना."

लाल दुपट्टा त्यांनी सब्बलीच्या वरच्या टोकाला बांधला आणि सब्बल मुरमात रोवली. घमेलं एका बाजूला उपडं ठेवलं, पावडं दुसऱ्या बाजूला आडवं. रस्त्यावर काम चालू असलं की गँग असंच करते. लाल कापड पाहून ट्रकवालाही थांबतो. विचार करून नाही, पायच ब्रेकवर जातो.

"थे लोकं तुमाले उचलून फेकतीन," फकिरा म्हणाला.

"फेकू दे. सारा पन्नास किलो आहो. जास्त मेहनत नाही लागत."

फकिरा हसला नाही. पण गेलाही नाही.

पहिली पोलीस जीप वळणावर आली आणि थांबली. मागच्या सहाही थांबल्या, आणि शेवटी देवसिंगची जीप. शिपाई उतरला.

"ए बाबा, हट. काय लावलं?"

"काम चालू आहे साहेब."

"कोणतं काम? कोणाचं?"

"खड्ड्याचं."

तोवर यज्ञेश्वर साहेब धावत आले. त्यांना धावताना नानाजींनी प्रथमच पाहिलं. साहेब अगदी जवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सही विसरलात का?"

"नाही विसरलो."

"मग बाजूला व्हा. तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

"माहीत आहे."

"काय प्रकार आहे?" सुनीतीताई गाडीतून उतरल्या होत्या. उन्हात डोळे बारीक करून बघत होत्या.

"काही नाही ताई, म्हातारा माणूस आहे, ऊन लागलंय. आपण बसा."

नानाजींनी हात जोडले नाहीत, हात रोवलेल्या सब्बलीवर होते. "ताई, मघाचा खड्डा माह्या गँगनं केलेल्या तुकड्यात घेतला. फक्त चाळीस मीटर आहे तो. बाकी रस्ता तसा नाही. इथून फाट्यापर्यंत कुठंही जागा दाखवा. तुमीच दाखवा. मी खोदतो."

"ताई, आधीच उशीर झालाय," यज्ञेश्वर साहेब म्हणाले.

सुनीतीताई त्यांच्याकडे वळल्या. "तिकडे पाऊण तास बसलो. इथं पाच मिनिटं उभं राहिलो तर काय बिघडतंय?"

साहेबांनी फाट्याकडच्या रस्त्याकडे पाहिलं. तेव्हा त्यांचा चेहरा सगळ्यांना दिसला.

ताई पंधरा-वीस पावलं पुढे चालल्या. थांबल्या, परत दोन पावलं मागे आल्या आणि चपलेच्या टोकानं मुरमात फुली मारली. "इथं."

नानाजी सब्बल उपटून, पावडं घेऊन तिथे आले. सब्बलीचा दुपट्टा सोडून फकिराला दिला. "तिकडे सब्बलीचे ठोके किती लागले, कोणी मोजले?"

कोणी मोजले नव्हते.

"दोनशे बारा. आता तुमी मोजा."

मागून एक म्हातारे आमदार पुढे आले, शेतकरी माणूस. "मोजतो मी. मार."

नानाजींनी मुरूम ओढला. तीन इंच नवा मुरूम पीठासारखा निघाला. खाली खडी, सुटी. त्यांनी सब्बल उचलली. खांदे भरून आले होते.

"एक," आमदार म्हणाले. "दोन. तीन."

आवाजच वेगळा होता. तिकडे सब्बल वाजत होती, इथं ती नुसती शिरत होती. पाचव्या ठोक्याला खडी सरली. सातव्याला काळी माती दिसली. "आठ. नऊ." नवव्या ठोक्याला सब्बल एक वीत मातीत गेली आणि तशीच उभी राहिली. नानाजींनी हात सोडले. सब्बल पडली नाही.

मागच्या गाडीचा एसी चालू असल्याचा आवाज येत होता.

नानाजींनी पावड्यानं चारी कडा सरळ केल्या. ताई वाकल्या. टेप लावली. नवा मुरूम सोडला तर खडी दोन इंच. सोलिंग नाही.

"लिहा," ताई प्रतिवेदकाला म्हणाल्या. मग नानाजींना विचारलं, "तुम्हाला हे कसं माहीत?"

"हा रस्ता झाला तवा मीच मुकादम होतो."

"थराच्या रजिस्टरवर सही कुणाची?"

"माही."

यज्ञेश्वर साहेब पुढे झाले. आता त्यांचा आवाज चढला होता. "ऐका ताई, स्वतः कबूल करतोय. प्रत्येक थर याने प्रमाणित केलाय. खातं याच्या सहीवर चाललं. आज हाच आपल्याला शिकवतोय."

"बरोबर बोलते साहेब," नानाजी म्हणाले. "थर नव्हता अन् सही होती."

"का केलीत?" ताईंनी विचारलं.

फकिरा त्यांच्याकडे बघत होता. पाच वर्षं हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. कोकिळाबाईंना तर सहीचं माहीतच नव्हतं.

"साहेबांनं सांगतलं, आठ महिने राह्यले, सही कर. मी केली. हात कोणी धरला नव्हता."

"कोणत्या साहेबांनी?"

"याच. यज्ञेश्वर साहेबांनं."

प्रतिवेदकाची पेन्सिल थांबली. त्यानं ताईंकडे पाहिलं. ताईंनी हातानं त्याला थांबवलं आणि नानाजींना म्हणाल्या, "हे नोंदीत गेलं की परत काढता येत नाही. चौकशी लागली तर तुमच्यावरही लागेल. तुम्ही रिटायर आहात. लिहायचं का?"

"लिव्हा."

"घरी कोणाला विचारायचंय?"

"घरी विचारलं तर नाही म्हणतीन."

म्हातारे आमदार खाकरले. प्रतिवेदकानं लिहिलं. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून नानाजींनी सही केली. सब्बलीनं हात इतके भरले होते की पेन बोटांत धरवेना. सही रेषेखाली घसरली.

"पुन्हा करता का खाली?" प्रतिवेदकानं विचारलं.

"नाही. माहीच आहे."

यज्ञेश्वर साहेब आपल्या गाडीकडे गेले होते. तिथून ते देवसिंगवर ओरडले, "चार घमेली माती टाका त्या खड्ड्यात आणि गाड्या सोडा."

देवसिंग जागचा हलला नाही.

"तशी माती टाकली तर चाक बसन साहेब," नानाजी म्हणाले. "पाच-सात गाड्या आहे."

त्यांनी आधी काळी माती घेतली. हातानं ढेकळं फोडली, खड्ड्यात पसरली. फकिरानं पोडातून मडक्यात पाणी आणायला पोरींना पाठवलं आणि स्वतः नालीतून एक सागाचा ओंडका उचलून आणला. पाणी शिंपडलं, ओंडक्यानं ठोकलं. मग खडी. पुन्हा पाणी, पुन्हा ठोकणं. खडी दोनच इंच होती, म्हणून नानाजींनी नालीच्या कडेचे दगड वेचून खडीखाली मातीवर बसवले, उभे, एकमेकांना टेकवून, आणि फटीत चिपा ठोकल्या.

"अहो, उशीर होतोय," मघाचे हसणारे आमदार गाडीतून म्हणाले.

"बसा गाडीत," सुनीतीताई म्हणाल्या. त्या स्वतः नालीच्या कडेला सावली शोधून उभ्या होत्या. "झाल्याशिवाय जाता येणार नाही, दिसतंय."

पंचवीस मिनिटं साऱ्या गाड्या उन्हात उभ्या राहिल्या. पहिली गाडी गेली तेव्हा नानाजी खाली वाकून बघत होते. मुरूम तेवढा दबला.

समितीनं दोन ठिकाणी आणखी खोदून पाहिलं आणि रस्ता पुन्हा करावा अशी शिफारस केली, हे एप्रिलमध्ये पेपरात आलं. फकिरावर केस झाली नाही. त्याच आठवड्यात नानाजींच्या नावे यवतमाळहून रजिस्टर पोस्टानं पत्र आलं. चौकशीच्या यादीत ठेकेदार पहिला, यज्ञेश्वर साहेब दुसरे, आणि तिसरं नाव नानाजी उरकुडे, सेवानिवृत्त मुकादम.

कोकिळाबाईंनी पत्र उलटसुलट केलं.

"तुमाले कोणी विचारलं होतं?"

"कमिटीनं विचारलं."

"कमिटीनं खड्ड्याचं विचारलं. सहीचं तुमीच सांगतलं."

"सहीशिवाय खड्डा अर्धाच राह्यला असता."

त्यांनी पत्राची घडी घालून ते नानाजींच्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "अन् पाच वरसं मले सांगतलं नाही, थे?"

नानाजींनी तुराट्यांच्या राशीकडे पाहिलं. या बोलण्याला उत्तर द्यायला सब्बल नव्हती. कोकिळाबाई आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा. नानाजी ओट्यावर बसून राहिले आणि पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले. चौकशीला हजर राहायची तारीख अठरा होती, वेळ सकाळी साडेदहा. साडेदहाला यवतमाळात पोहोचायचं तर पहाटेचीच यष्टी धरावी लागणार होती.

"अठराले भाकर किती वाजता पाह्यजे?" आतून आवाज आला.

"पाच वाजता," नानाजी म्हणाले.